एकेचाळीसचा सांधा

साळिंदर पुलाच्या तोंडाशीच पडलं होतं. काटे अजून ताठ होते, जणू पुन्हा कुणी अंगावर आलंच तर झुंजायच्या तयारीनंच ते निजलं होतं.

मुकादमांनी रस्त्यात चार शंकू मांडले, लाल झेंडा उंच धरला आणि शिट्टी फुंकली. शिट्टीचा अर्थ ताईला पाठ होता: तीन मिनिटं, त्यात काय ते आटपा. एकेचाळिसाव्या किलोमीटरच्या या पुलावर गाडी उभी करायला कडेची पट्टीच नव्हती. लेन संपली की कठडा, आणि कठड्याखाली ओढा. इथे रेंगाळणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालून त्याचे दात मोजत बसणं.

महामार्गाच्या देखभालीच्या गाडीवर ताई सहा वर्षं होती. गाडी तीच चालवायची आणि रस्त्यावर मरून पडलेलं जे काही असेल ते तीच उचलायची. वयानं वीस वर्षांनी मोठे असलेले मुकादमही तिला ताईच म्हणत. पहिल्याच दिवशी तिनं फुगलेलं कुत्रं उचललं होतं आणि नाकाला रुमाल लावला नव्हता, तेव्हापासून.

तिनं साळिंदराखाली ताडपत्री सरकवली, काटे मोडणार नाहीत अशा बेतानं टोकं धरली आणि उचलता उचलता ओठांतल्या ओठांत दोन ओळी जुळवल्या. ही तिची सवयच होती. तिची आई कुठलंही काम गाण्यावाचून करत नसे. लेकीला आईचा आवाज मिळाला नाही, पण ओळी मिळाल्या. बिनओळींचं तिनं एकही जनावर कधी उचललं नव्हतं.

*पुलाच्या पहिल्या दगडाशी, वाट कशी रे झाली लांब,*
*पल्याडच्या गवताला सांगते, अजून थोडं थांब.*

"झालं का गाणं?" मुकादम ओरडले. "झालं असेल तर निघू. नाहीतर आपल्यावर गायला कुणी उरायचं नाही!"

"तुमच्यावर दोन ओळी पुरायच्या नाहीत मुकादम, पोथी लिहावी लागेल."

"लिहा, लिहा. पण गाडीत बसून."

गाडी सुटली ती थेट चव्वेचाळिसाव्या किलोमीटरला थांबली. तिथे ट्रकवाल्यांसाठी मोठी मोकळी जागा होती, पाण्याची टाकी होती, दोन नळ होते आणि चहाची एक टपरी होती. ताईनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, पुसले. मग गाडीच्या बॉनेटवर वही उघडली. तारीख. वेळ. प्राणी: साळिंदर, मोठं. लेन: कडेची. किलोमीटर. समोरच पांढरा दगड उभा होता. त्यावरचा आकडा तिनं नेहमीप्रमाणे वहीत उतरवला. चव्वेचाळीस.

हे तिला मुकादमांनीच शिकवलं होतं. "आधी उचल, मग वही. पुलावर उभं राहून लिहीत बसाल, तर तुमचीच नोंद दुसरं कुणीतरी करेल."

दुपारी कार्यालयातून बोलावणं आलं.

इंजिनिअर मॅडम ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या. चष्मा डोक्यावर चढवून तोच चष्मा टेबलावर शोधायची त्यांना खोड होती. आज मात्र त्या शोधत नव्हत्या, हसत होत्या. भिंतीवर रस्त्याचा लांबलचक नकाशा लावलेला होता आणि त्यावर लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या. इथे एक, तिथे दोन, आणि एका जागी एवढी गर्दी की खालचा रस्ता दिसेनासा झाला होता.

"या ताई, बघा तुमची कमाल," मॅडम म्हणाल्या. "सहा वर्षांच्या वह्या मी स्वतः वाचल्या. एक दिवस चुकलेला नाही, एक अक्षर खोडलेलं नाही. बाकीच्या पथकांच्या वह्या म्हणजे कोंबडीचे पाय. तुमच्यामुळे आज पहिल्यांदा कळलं, जनावरं मरतात कुठे."

"कुठे?" ताईनं विचारलं. तिला वाटलं, हे तर आपल्याला माहीतच आहे.

"चव्वेचाळीसला! एकट्या चव्वेचाळीसला नव्वदच्या वर. मंजुरी आली आहे. दोन्ही बाजूंना जाळी, आणि रस्त्याखालून प्राण्यांना जायला मोठा नळ. महिन्याभरात काम सुरू. एकाच जागेसाठी मंजुरी आहे, पण जागा अचूक सापडली, हे महत्त्वाचं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि अजून एक. कायम करायच्या माणसांची यादी सोमवारी दुपारी वर जाते. तुमचं नाव पहिलं आहे."

कायम. या शब्दासाठी ताई सहा वर्षं कान टवकारून बसली होती. दर अकरा महिन्यांनी 'ठेवतात की काढतात' याची वाट बघणं आता संपणार होतं. तिला हसू यायला हवं होतं. पण तिची नजर त्या लाल गर्दीवर खिळली होती.

चव्वेचाळीसला? चव्वेचाळीसला तर आपण हात धुतो.

ती "बरं मॅडम" म्हणाली आणि बाहेर आली.

मुकादम व्हरांड्यात उभे होते. ताईनं सांगितलेलं ऐकून त्यांनी आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग तिला जिन्याखाली नेलं.

"कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग बोलूही नका."

"अहो मुकादम, नळ चव्वेचाळीसला बसवतील! तिथे कोण जाणार नळातून? ट्रकवाले?"

"जाऊ दे ना. जाळी लागते ती कुठेही चांगलीच." मुकादम कपाळ चोळत म्हणाले. "हे बघा, सहा वर्षं खोटी वही लिहिली म्हणाल, तर कायम सोडाच, आहे तेही जाईल. आणि माझी निवृत्ती तोंडावर आलीय. मी शिकवलं होतं ना, मग माझीही वरात निघेल. झाकली मूठ राहू द्या ताई."

"मुठीत काय आहे पण, मुकादम? नव्वद जीव आहेत."

मुकादमांनी टोपी डोक्यावर दाबली आणि ते निघून गेले. ते वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते, एवढंच.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा दारात बसून तिच्या कामाच्या बुटांना मेण लावत होते. पस्तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. आठ वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा गाडी सोडली. डोळे मात्र ड्रायव्हरचेच राहिले: लांबचं लख्ख, जवळचं धूसर. बुटाचा वास घेऊन ते मेण लावायचे.

"बाबा, एकेचाळीसचा पूल आठवतो?"

"त्यात काय आठवायचं? तिथे कडेची लेन सोडायची. सांधा खचलाय."

"गाडी सोडून आठ वर्षं झाली तुम्हाला."

"मग? सांधा काय माझ्यासोबत निवृत्त झाला?"

ताईला इतक्या तापातही हसू फुटलं. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "कसला सांधा? मी रोज जाते, मला नाही जाणवत."

"तुझी ती टोपलीएवढी गाडी! तिला काय जाणवणार? भरलेला ट्रक घेऊन जा एकदा. जिथे रस्ता संपून पूल सुरू होतो ना, तिथला पत्रा कडेच्या लेनमध्ये बसलाय. धाडकन आवाज होतो, मणके एकमेकांना भेटून येतात, मागच्या दोऱ्या ढिल्या पडतात. म्हणून पुलाच्या अर्धा किलोमीटर आधीच दुभाजकाकडच्या लेनला सरकायचं. मला माझ्या उस्तादानं सांगितलं, मी माझ्या हाताखालच्यांना सांगितलं. ज्यांनी तो धक्का कधी खाल्ला नाही, तेही सरकतात. पुढचा सरकला की मागचा सरकतो. मेंढरांना काय कारण लागतं?"

"आणि मागून येणाऱ्या मोटारी?"

"त्या शिव्या घालतात. खरी वेगाची लेन आम्ही अडवलेली. मग त्यांना कडेची लेन रिकामी दिसते, आणि त्या तिकडून सुसाट..."

बाबांचा हात बुटावर थांबला.

ताईला ते डोळ्यांपुढे दिसायला लागलं. ओढ्यातून जनावर वर येतं. कठड्याच्या टोकाशी थबकतं. मोठ्या गाड्यांचा गडगडाट लांब, पलीकडच्या लेनमधून चाललेला. जवळची लेन मोकळी. ते पाऊल टाकतं. आणि ट्रकच्या आडून, नको त्या बाजूनं, एक मोटार बाणासारखी येते.

"चिमणे," बाबा म्हणाले. ती चाळिशीला टेकली तरी त्यांची चिमणीच होती. "एकदा मी आरशात बघितलं होतं. पांढरी मोटार कडेनं पुढे गेली आणि मागे काहीतरी उडालं. मला वाटलं, पोतं असेल. पोतंच असेल, असं मी पुढचे पस्तीस किलोमीटर स्वतःला सांगत गेलो."

"पोतं नव्हतं?"

"मला काय माहीत? थांबून बघितलं असतं तर कळलं असतं."

मग ताईनं त्यांना वहीचं सांगितलं. दगडाचं, हात धुण्याचं, लाल टिकल्यांचं, सोमवारच्या यादीचं. लपवून काही ठेवलं नाही. बाबांनी सल्ला दिला नाही. बूट जोडीनं ठेवले आणि म्हणाले, "उद्या तुला सुट्टी आहे ना? मला त्या पुलाशी ने. बघू तरी, माझी शिकवणी अजून चालू आहे का."

रविवारी सकाळी ती दोघं ओढ्याकाठच्या शेतवाटेनं पुलाच्या खाली पोचली. बाबांसाठी घडीचं स्टूल, दोघांना मिळून चहाचा थर्मास आणि एक कोरी वही. उन्हं कोवळी होती, पुलाची सावली ओढ्यावर आडवी पडली होती.

"सांग," ताई पेन्सिल उगारून म्हणाली.

"लाल ट्रक. सरकला. टँकर. सरकला. हा निळा... हाही गेला तिकडे. अरे, ह्याच्याकडे तर मालच नाही, हा का सरकतोय? बावळट! सरकला, लिही." बाबा खुशीत आले होते. आठ वर्षांनी कुणीतरी त्यांना रस्त्याबद्दल काही विचारत होतं. "मोटार, कडेनं. दुसरी, कडेनं. बघ कशी मारतोय! घरी काय दूध उतू चाललंय का रे तुझ्या?"

तासाभरात एकशे बारा मोठ्या गाड्या गेल्या. त्यांतल्या एकशे तीन पुलाआधी दुभाजकाकडे सरकल्या. कडेनं पुढे घुसलेल्या मोटारी मोजता मोजता पेन्सिलीचं टोक मोडलं.

बाबा चहा पीत बसले तेव्हा ताई एकटीच पुलाखाली वाकून गेली. ओढ्याला पाणी घोटाभर, आणि त्याच्या बाजूनं दगडी कोरडी वाट, माणूस वाकून जाईल एवढी उंच. जनावरांना रस्त्यापलीकडे जायला याहून सोयीचं काय हवं होतं? पण पाच पावलांवर वाट बंद. पुराबरोबर आलेली खोडं, गाळ, फाटकी टायरं, एक फुटकं पिंप, सगळं छातीएवढं रचलेलं. चिखलात नुसते पायांचे ठसे. बोटांचे, खुरांचे, पंजांचे. सगळे त्या ढिगाऱ्यापर्यंत येत होते, तिथे घुटमळत होते आणि वळून पुलाच्या बाजूनं वर चढत होते. कठड्याकडे.

ती तिथेच उकिडवी बसली. जीव जाणूनबुजून मरायला वर गेलेले नव्हते. त्यांनी आधी खालचं दार ठोठावून पाहिलं होतं.

"बाबा," बाहेर येऊन ती म्हणाली, "नळ लागणारच नाही. दार आहेच. बुजलंय फक्त."

"मग मॅडमना सांग."

"नोकरी जाईल कदाचित."

बाबांनी कप झटकला, थर्मासवर पालथा घातला. "जाईल कदाचित," ते म्हणाले. "आपण दोघं काही उपाशी राहायचो नाही. पण पोतंच होतं म्हणत जगणं फार लांबचा प्रवास आहे, चिमणे. मी करून आलोय."

सोमवारी सकाळी मॅडम चष्मा शोधत होत्या. ताईनं तो त्यांच्या डोक्यावरून काढून हातात दिला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसली असती तर तोंडून शब्द निघाला नसता.

मॅडमचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला, मग नकाशाकडे वळला.

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं, मॅडम."

"तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की मृत्यूची जागा आणि लिहिण्याची जागा वेगळी आहे?"

"मला वाटायचं, दगड जवळचा लिहायचा असतो. तीन किलोमीटर म्हणजे आमच्या कामात हातभरच. वही कुणी वाचतं, हेच मुळी माहीत नव्हतं."

मॅडम चिडून उठल्या. "मग आता यातली कुठली नोंद खरी धरू? सगळीच वही पाण्यात गेली! उद्या म्हणाल पंचेचाळीसला. कुणी म्हणेल अठ्ठेचाळीसला. पुरावा काय?"

पुरावा? वहीतच चुकीचं लिहिलेलं, दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. टेबलावर वही उघडी होती. तिची नजर एका ओळीवर गेली. ससा, लहान, कडेची लेन, चव्वेचाळीस. आणि ती ओळ वाचताना दुसऱ्याच दोन ओळी तिच्या ओठांवर आल्या.

*सशा तुझे लांब कान, ऐकलं कसं नाही काही,*
*तुटक्या कठड्याच्या सावलीत झोप तुझी मोडत नाही.*

"काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"ह्याचं गाणं," ताई ओशाळून म्हणाली. "म्हणजे, मी जुळवते, उचलताना. तुटका कठडा एकेचाळीसच्याच पुलाला आहे मॅडम, पलीकडच्या टोकाला. चव्वेचाळीसला कठडाच नाही."

मॅडम हळूच खाली बसल्या. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. "ही? कोल्हीण, मोठी."

*कोल्हीणबाई, पिल्लं तुझी पाणी प्यायला गेली,*
*तिसऱ्या खांबाच्या खाली बसून वाट बघत राहिली.*

"पुलाचा ओढ्यातला तिसरा खांब. दोन दिवस बसली होती पिल्लं."

"हे घुबड?"

*रातीच्या राजा, दिव्यानं तुला कसं आंधळं केलं,*
*सांध्याच्या पत्र्यामध्ये तुझं पीस राहून गेलं.*

पत्रा! ताई स्वतःच चमकली. खचलेला पत्रा तिनं पाहिला होता, ओळीत बांधलाही होता, आणि तरी परवापर्यंत बाबांना विचारत होती, कसला सांधा म्हणून.

मॅडम पानं उलटत गेल्या. कधी त्या प्राणी वाचायच्या, कधी नुसती तारीख. ताईला आठवावं लागत नव्हतं. पहिली ओळ धरली की दुसरी आपसूक येत होती, आणि तिच्यासोबत जागा येत होती. कुठे कठडा, कुठे दगड, कुठे ओढ्याकडे उतरणारी पायवाट. चव्वेचाळीसचे खरे निघाले चारच. त्यांतला एक तर टपरीवरचा म्हातारा बोका होता, जो ट्रकखाली झोपायचा. बाकी सगळे पुलाचे. मध्येच मॅडमनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि कुणी पाहिलं नाही ना, अशा नजरेनं दाराकडे पाहिलं.

दारात मुकादम उभे होते. टोपी हातात. किती वेळ ऐकत होते कोण जाणे.

"मॅडम," ते घसा खाकरत म्हणाले, "आधी उचल, मग वही, हे माझं शिकवणं. ताई माझ्या शब्दाबाहेर कधी गेल्या नाहीत. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

"तुमच्या दोघांच्या नावावर लिहायला माझ्याकडे शाई खूप आहे," मॅडम म्हणाल्या. पण आवाजातली धार गेली होती. "आधी मला तो पूल दाखवा."

पूल त्यांनी पाहिला. सांध्यावर बूट आपटून पाहिला, पुलाखाली वाकून गेल्या, चिखलातल्या ठशांसमोर बराच वेळ थांबल्या. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "जाळी इथे लागेल. नळ नको. त्याऐवजी ही वाट मोकळी करू आणि सांधा उचलून घेऊ. वरच्यांना पटवायला मला चार रात्री जागावं लागेल, ते माझं काम." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "यादीत मात्र तुमचं नाव मी आज पाठवू शकत नाही ताई. चुकीच्या वहीवर मी तुम्हाला पहिलं ठेवलं होतं. तुम्हाला कामावरून काढणार नाही. पण कायम होण्याचं पुढच्या वर्षी बघू."

"बरं मॅडम," ताई म्हणाली. दुःख झालं नाही असं नाही. पुढच्या वळणापर्यंत तिनं स्टिअरिंग जरा जास्तच घट्ट धरलं. वळणानंतर मात्र पकड आपसूक सैल झाली.

ढिगारा पथकानंच उपसला. मुकादम गुडघाभर गाळात उभे राहून दर टोपलीमागे कुरकुरत होते. "निवृत्तीला माणसाला शाल देतात, मला फुटकं पिंप मिळालं!" सांधा उचलायला मोठं यंत्र आलं, दोन दिवस कडेची लेन बंद राहिली, आणि तिसऱ्या दिवशी पत्रा असा सपाट झाला की त्यावरून पाण्याचा पेला नेला तर सांडणार नाही. दोन्ही काठांना जाळी लागली, ओढ्याकडे उतरत जाणारी.

आणि ट्रक? ट्रक पुलाआधी अर्धा किलोमीटर, सवयीनं, दुभाजकाकडे सरकतच राहिले.

"सांधा बुजला, सवय कुठे बुजलीय," ताई वैतागून म्हणाली. जाळी अजून तीन जागी उघडीच होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिला तिथे एक मुंगूस उचलावं लागलं होतं.

"सवय मी लावली," बाबा म्हणाले. "मलाच सोडवू दे."

तेव्हापासून रोज सकाळी ती त्यांना चव्वेचाळीसच्या मोकळ्या जागेत सोडू लागली. टपरीच्या बाकावर काठी टेकून ते बसत. ड्रायव्हर हात-तोंड धुवायला आला की सुरुवात.

"काय रे, एकेचाळीसला कुठल्या लेनमध्ये होतास?"

"दुभाजकाच्या. का हो काका?"

"का दुभाजकाच्या?"

"सांधा आहे ना तिथे."

"होता. आता नाही. कडेनं जाऊन बघ."

"आता काय बघू? पूल मागे राहिला की!"

"उद्या परत येशीलच ना? की उद्यापासून विमान चालवणार आहेस?"

बाकावर हशा पिकायचा. कुणी म्हणायचं, काकांना महामार्गवाल्यांनी नोकरी दिली. कुणी म्हणायचं, काकांचं डोकं गेलं. एक दाढीवाला ड्रायव्हर तर पैजेवर तयार झाला: धक्का बसला तर काकांनी आठवडाभर त्याला चहा पाजायचा. दुसऱ्या दिवशी तो गाडीतून उतरला, टपरीवाल्याला दोन चहा सांगितले आणि एक बाबांपुढे ठेवला. त्यानंतर तो स्वतःच इतरांना सांगायला लागला, आणि बाबांपेक्षा मोठ्या आवाजात. पुढचा कडेनं गेला की मागचाही कडेनं जायला लागला. त्यालाही कारण लागत नव्हतं.

सहा आठवड्यांनी, एका सुट्टीच्या सकाळी, बाप-लेक पुन्हा शेतवाटेनं पुलापाशी आली. गवत वाढलं होतं. बाबा स्टुलावर बसून वरच्या रस्त्याकडे डोळे लावून होते.

"टँकर, कडेनं. शाब्बास! लाल, कडेनं. हा... हा सरकला. गाढव. हा कडेनं. मोटारी बघ, कशा शहाण्यासारख्या पलीकडून जाताहेत. रस्ता म्हणजे असा, ज्याची त्याची जागा..."

"बाबा, हळू बोला."

"का? काय झालं?"

"पुलाखाली बघा."

"मला कुठे दिसतंय जवळचं? काय आहे?"

"मुंगूस," ताई कुजबुजली. "मादी. मागे पिल्लं आहेत, शेपटीला शेपूट लावल्यासारखी. कोरड्या वाटेवर आहेत."

बाबांनी काठी गवतात आडवी ठेवली, तिचा आवाज होऊ नये म्हणून. वरून एक भरलेला ट्रक कडेच्या लेनमधून पुलावर आला. ताईनं श्वास रोखला. चाकं सांध्यावरून गेली. पाण्यावर एवढासा तरंग उठला, बस.

"थांबली का?" बाबांनी विचारलं.

"मान वर करून ऐकतेय. निघाली. पलीकडे पोचली बाबा, उन्हात आली. एक पिल्लू पोचलं. दोन. तीन."

"किती आहेत?"

"चार. चौथं अजून आत आहे. पाण्यातली आपलीच सावली बघत बसलंय."

"बसू दे," बाबा म्हणाले. "घाई कुणाला आहे?"

दोघं गवतात वाट बघत राहिली. वर गाड्या जात होत्या, एकामागून एक. पलीकडच्या काठावरून आईनं बारीक आवाजात हाक मारली. पिल्लानं पाण्याकडे एकदा शेवटचं पाहिलं आणि ते धावत सुटलं.